अंगठ्यावरून मनगटावर

घरी कुणी आलं आणि चौरंगावरची ती जाडजूड पेटी, म्हणजे माझी आर्केड स्टिक, वर दांडी आणि बटणं असलेला व्हिडिओ गेमचा कंट्रोलर, दिसली, की प्रश्न ठरलेला असतो: "चांगला पॅड होता की, मग ही कशाला? हिच्यानं खेळ सुधारतो का?" पॅड म्हणजे दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी चालवायचा नेहमीचा कंट्रोलर. रोज ऑनलाइन ज्यांच्याशी मारामारीचे गेम खेळतो ती मुलंही हेच विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

खेळ सुधारतो का, त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही सुधारत. २०१४ च्या इव्होत फ्रान्सच्या लुफी या खेळाडूनं पहिल्या प्लेस्टेशनचा पॅड हातात धरून, रोझ हे पात्र घेऊन, अल्ट्रा स्ट्रीट फायटर फोर जिंकलं होतं. इव्हो ही स्पर्धा म्हणजे आमच्या मारामारीच्या खेळांची पंढरी. तिथे पॅड पुरला, तर तो तुम्हा-आम्हाला कमी पडतो असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. माझं म्हणाल तर पॅडवर मी स्ट्रीट फायटर सिक्समध्ये प्लॅटिनम या पातळीला होतो. स्टिक आल्यावर पहिले दोन महिने रँक्ड, म्हणजे पातळी ठरवणाऱ्या मॅचेस, उघडलंच नाही, कारण साधे शोर्युकेन, म्हणजे वर उसळी घेत मारायचा ठोसा, हवे तेव्हा निघत नव्हते.

मग घेतली का? अंगठ्यामुळे. मी केन हे पात्र खेळतो. त्याचं सगळं डाव्या अंगठ्यावर चालतं: पाव वर्तुळ पुढे, पाव वर्तुळ मागे, मधूनच शोर्युकेनचा तो झेड. रोज रात्री दोन तास. आधी डी-पॅडच्या, म्हणजे पॅडवरच्या दिशांच्या बटणाच्या, कडेनं फोड आला, मग घट्टा पडला. घट्ट्याचं काही वाटत नव्हतं. पण हळूहळू अंगठ्याच्या मुळाशी, मनगट सुरू होतं तिथे, कळ यायला लागली. एके सकाळी डब्याचं झाकण फिरवता येईना. फिजिओथेरपिस्टनं महिनाभर खेळ बंद ठेवायला सांगितला. त्या महिन्यात मी दुसऱ्यांच्या मॅचेस बघत बसलो आणि पहिल्यांदाच पडद्यापेक्षा खेळणाऱ्यांच्या हातांकडे जास्त बघितलं.

ते हात बघताना नाशिकरोडचं व्हिडिओ गेम पार्लर आठवलं. नव्वदच्या दशकाचा शेवट, मी दहा वर्षांचा. एका गाळ्यात तीन मशीन. एकावर किंग ऑफ फायटर्स ९७, एकावर मुस्तफा. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. खेळायला नाणं लागायचं आणि माझ्याकडे ते क्वचितच असायचं, म्हणून बहुतेक वेळ बघण्यातच जायचा. एक मोठा दादा किंग ऑफ फायटर्समधलं इओरी हे पात्र घेऊन खेळायचा. आम्ही सगळे हँडल मुठीत आवळायचो. तो मात्र तळवा वर करून, दांडी दोन बोटांच्या बेचक्यात घेऊन, पाण्याचा पेला धरावा तसं हलकं धरायचा. पुढे कळलं की या पकडीला वाइन ग्लासची पकड म्हणतात आणि जपानमधले कितीतरी खेळाडू असंच धरतात. नाशिकरोडच्या त्या दादाला ती कुणी शिकवली असेल, देव जाणे.

स्ट्रीट फायटर टू १९९१ साली आलं ते अशाच मशीनमध्ये. हडोकेन या फेकायच्या गोळ्याचं पाव वर्तुळ, झांगिफ या पैलवान पात्राची पूर्ण गिरकी या सगळ्या हालचाली दांडीसाठी योजलेल्या होत्या, त्या अंगठ्यावर आल्या नंतर. पॅडवर झांगिफची गिरकी मी गणितासारखी करायचो. स्टिकवर ती ताक घुसळल्यासारखी एका ओघात होते आणि जोर मनगट नि कोपरापर्यंतच्या हाताचा लागतो. अंगठा नुसता टेकलेला असतो.

पण पहिले काही आठवडे वाईट गेले. का गेले ते सांगतो, कारण नव्या माणसाला हेच कुणी सांगत नाही. आमच्यात दिशा कॅल्क्युलेटरच्या आकड्यांनी सांगतात: मध्ये ५, पुढे ६, खाली २, खाली-पुढे ३. हडोकेन म्हणजे २३६, शोर्युकेन म्हणजे ६२३. मी केनला पुढे चालवत न्यायचो, हडोकेन मारायला जायचो आणि दर वेळी शोर्युकेन निघायचा. केन उगाच हवेत, खाली समोरचा निवांत वाट बघत उभा, आणि उतरलो की त्याच्या सलग फटक्यांचा पूर्ण कॉम्बो. शेवटी पेटी उलटी केली, स्क्रू काढले आणि पत्रा उघडून दांडी हळूहळू हलवून पाहिली. आत सान्वा कंपनीची जेएलएफ दांडी होती. चार बाजूंना चार बारके मायक्रोस्विच, आणि दांडीला अडवणारं चौकोनी गेट. सरळ दिशेला एक स्विच टिचकतो, कोपऱ्यात दोन. दांडी थोडी कलली की टिक्, पण गेटची भिंत लागते त्याच्या बरीच पुढे. मी मात्र प्रत्येक दिशेला भिंतीपर्यंत धडकत होतो आणि तेवढंच अंतर परत येत होतो. चालताना दाबलेला ६ सुटायच्या आतच हात २ कडे निघालेला असायचा. गेमला दिसायचं ६२३६, मग तो शोर्युकेन देणारच. त्याची काही चूक नव्हती.

त्या दिवसापासून 'टिक्' ऐकू आली की थांबायचं, एवढंच शिकलो. मधे आठ कोपऱ्यांचं गेट आणून बसवलं होतं. दोन आठवड्यांत काढलं, कारण हात खाचा चाचपत बसायला लागला. चौकोनीच बरं, असं माझं पक्कं मत झालंय. रोज जेवणाआधी दोन्ही बाजूंनी शंभर-शंभर शोर्युकेन मारायचो. उजवीकडे उभं राहून डावीकडे मारायचा सगळ्यात उशिरा बसला.

उजव्या हातानं मात्र चकित केलं. पॅडवर तो चार बटणं एका अंगठ्यानं आणि बाकीची तर्जनीनं सांभाळायचा. इथे सहा बटणं पंजाखाली पसरलेली, प्रत्येक बोटाला काम. ड्राइव्ह पॅरीसाठी, म्हणजे समोरच्याचा वार परतवायला, मधला पंच आणि त्याच्याच खालची मधली किक एकदम लागतात. ती मी मिठाची चिमूट घ्यावी तशी अंगठा नि तर्जनीनं घेतो, आणि हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. बटणं मात्र इतकी हलकी की बोट नुसतं विसावलं तरी दाबलं जातं, ते सांभाळावं लागतं. आवाजही फार होतो. चौरंगाखाली सतरंजीची घडी घातली तेव्हा कुठे आईला शेजारच्या खोलीत झोप लागायला लागली.

अंगठा आता बरा आहे. पण स्टिक हे औषध नाही. मूठ आवळून खेळलात तर हिच्यानंही मनगट दुखतं. टेकन हा दुसरा मारामारीचा गेम खेळणाऱ्यांनी माझं ऐकून हीच घेऊ नका, त्यांच्यासाठी रबरावर चालणारी, गेट नसलेली कोरियन दांडी वेगळी मिळते. आणि नुसतं जिंकायचं असेल तर दांडीच नसलेले, सगळी बटणंच असलेले कंट्रोलर आधी बघा. जपानचा स्ट्रीट फायटर खेळाडू दाइगो उमेहारा, ज्याचं सगळं नाव स्टिकवर झालं, तोसुद्धा तिकडे वळला. मी नाही वळणार. मला ती टिक् हातात हवी असते.

विकत घ्यायच्या आधी एखाद्या रविवारी घरी या. पत्रा उघडून आतले स्विच दाखवतो, मग चौरंगासमोर मांडी घालून बसा आणि शोर्युकेन मारून बघा. तासाभरात हातात येणार नाही, तेव्हा दुपार मोकळी ठेवूनच या.