सरांनी शिकवलेला कॉमा

इंग्रजीत कॉमा कुठे द्यायचा असं विचारलं, की बहुतेक जण सांगतात, वाचताना थांबतो तिथे. आमच्या इंग्रजीच्या सरांना हे उत्तर मुळीच मान्य नव्हतं. वही तपासताना ते कॉमाभोवती लाल गोल करायचे आणि टेबलाशी बोलावून विचारायचे, "काहून दिला रे हा?" कारण सांगता आलं तर कॉमा राहायचा, नाही तर जायचा.

मराठी माध्यमाच्या पोरांच्या खोडी त्यांना पाठ होत्या. आपण 'तो म्हणाला की,' असं लिहितो. तीच सवय इंग्रजीत 'दॅट'नंतर उतरते, आणि तिथे कॉमा चालत नाही. (मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय मेजर कँडी या इंग्रजाला देतात. चिन्ह तिकडून आलं, वळण मात्र आपलं पडलं.) दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडणं, ही दुसरी खोड. 'इट वॉज रेनिंग, वी स्टेड होम' आपल्या कानाला खटकत नाही. सर तिथे 'सो' घालायला लावत, नाही तर सरळ पूर्णविराम.

फळ्यावरचं एक वाक्य अजून जसंच्या तसं आठवतं: 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन वर्धा इज अ टीचर.' असं लिहिलं तर भाऊ एकाहून जास्त, त्यातला वर्ध्याचा तो शिक्षक. मग सरांनी 'ब्रदर'नंतर एक आणि 'वर्धा'नंतर एक कॉमा दिला. आता भाऊ एकच, वर्ध्याचं जाता जाता सांगितलेलं. "कंस उघडला की बंद करता ना? मग हाही करा!"

आज मी नागपूर खंडपीठात वकिली करतो आणि या शिकवणीवाचून माझा एक दिवस जात नाही. अमेरिकेत मेन राज्याच्या ओव्हरटाइमच्या कायद्यात, ज्यांना ओव्हरटाइम द्यावा लागत नाही अशा कामांच्या यादीत, शेवटच्या 'ऑर'आधी कॉमा नव्हता. त्यामुळे 'डिस्ट्रिब्यूशन' हे वेगळं काम की 'पॅकिंग'चाच भाग, असा वाद उभा राहिला. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर माल पोचवत, पॅक करत नसत, म्हणून ते ओव्हरटाइम मागत होते. 2017 साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

मसुदा टाइप होऊन आला, की मी आधी 'हू' आणि 'विच'ची वाक्यं तपासतो, मग याद्या. यादीतल्या शेवटच्या 'अँड'आधी कॉमा द्यावा की नाही, यावर जाणकारांत एकमत नाही. मी देतोच.