आमवात, आनुवंशिकता आणि लॅबचं पॅकेज

आईला आमवात (सांधे सुजवणारा रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आरए), मावशीलाही. त्यामुळे सकाळी उठल्यावर माझी बोटं तासभर आखडायला लागली, तेव्हा तडक संधिवाततज्ज्ञांकडे गेले. बडोद्यात अपॉइंटमेंट लवकर मिळाली, डॉक्टरही निवांत बोलले. वैताग दिला तो लॅबच्या काउंटरने.

चिठ्ठीवर ईएसआर, सीआरपी (या दोन्ही अंगातली सूज दाखवतात), आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (या आमवाताशी संबंधित अँटिबॉडी शोधतात) एवढ्याच रक्ततपासण्या होत्या. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, घरात कोणाला आहे का? आई म्हटल्याबरोबर त्याने एचएलए-बी२७ असलेलं पॅकेज पुढे सरकवलं. ‘जेनेटिक आहे ना, मग हे करावंच लागतं.’ मी म्हटलं, बी२७ मणक्याच्या आजारासाठी बघतात, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिससाठी. आमवाताशी संबंध असलेलं जनुक वेगळं, एचएलए-डीआरबी१. त्यावर शांतपणे उत्तर, ‘बेन, बधुं एक ज छे.’ एकच कसं? मग म्हणे अँटी-सीसीपी सुटी निघत नाही, कॉम्प्युटर घेत नाही. मॅनेजर जेवायला गेलेले. मागची रांग माझ्यावरच चिडलेली. मी हलले नाही. मॅनेजर आले, दोन बटणं दाबली आणि सुटं बिल निघालं! (या तपासण्यांना उपाशी राहावं लागत नाही, म्हणून निदान भांडायला अंगात जोर होता. तुम्हीही खाऊनच जा, आणि पैसे भरण्याआधी बिलावरची नावं चिठ्ठीशी जुळवून घ्या.)

खरं तर जनुकाची तपासणी मीच डॉक्टरांकडे मागितली होती. ते म्हणाले, डीआरबी१चे काही प्रकार धोका वाढवतात, पण ते असलेले बहुतेक लोक ठणठणीत असतात. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आमवात झाला, तरी दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण साधारण १५ टक्केच. आमवात ठरवण्याच्या २०१०च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही जनुकाला गुण नाहीत. सुजलेले-दुखरे सांधे, रक्ताचे रिपोर्ट आणि त्रास किती आठवडे आहे, हेच मोजतात.

माझे रिपोर्ट निगेटिव्ह आले. त्याने आमवात नाहीच असं ठरत नाही, कारण काही रुग्णांत अँटी-सीसीपी कधीच सापडत नाही. म्हणून डॉक्टरांनी एकेक सांधा दाबून पाहिला. सूज नव्हती. आली तर थांबू नका, लगेच या, म्हणाले.

ते जनुक आणि सिगारेट एकत्र आले की धोका कित्येक पटींनी वाढतो, हेही त्यांनीच सांगितलं. घरी आल्यावर लगेच भावाला फोन केला. सिगारेट सोड म्हटलं, तर म्हणतो, ‘त्यापेक्षा ते पॅकेज केवढ्याला आहे?’