ट्रॅकवरचं नाटक

बुधवार, रात्री साडेदहा

डिसेंबर लागला की शाळांना स्नेहसंमेलनाचे वेध लागतात आणि मला फोन यायला लागतात. आज दुपारी एका शाळेतून आला. अर्ध्या तासाचं बालनाट्य बसवून हवंय, पण संवाद आधी स्टुडिओत रेकॉर्ड करून घ्या, मुलं स्टेजवर नुसते ओठ हलवतील. म्हणजे कुणी विसरणार नाही, माइककडे धावाधाव नाही आणि शेवटच्या रांगेतल्या पालकांनाही स्वच्छ ऐकू येईल. बाई मनापासून बोलत होत्या आणि त्यांची अडचण खरी आहे. उघडं मैदान, बाजूला रहदारीचा रस्ता, दोन उभे माइक. तरी मी नाही म्हटलं. मैदानावर नको, शाळेच्या हॉलमध्ये करू, एका वेळी एकाच वर्गाचे पालक बसवू, माइक लागणारच नाही, असं सुचवलं. त्या विचारून सांगते म्हणाल्या. फोन ठेवला, पण डोक्यातून गेला नाही.

ट्रॅकवर नाटक करणाऱ्या मुलाला समोरच्याचं ऐकावंच लागत नाही, आणि माझा सगळा आक्षेप तिथे आहे. ठरलेल्या जागी हात वर करायचा, ठरलेल्या जागी मान वळवायची. आजोबा झालेला मुलगा दोन पावलं मागे राहिला तर त्याच्यासाठी थांबता येत नाही, ट्रॅक पुढे निघून गेलेला असतो. प्रेक्षक हसले तर हशा ओसरेपर्यंत पुढचं वाक्य धरून ठेवायचं, हे नाटकातलं अगदी पहिलं शहाणपण. तेसुद्धा तिथे शिकायला मिळत नाही. वर आवाज बहुतेक वेळा त्या मुलाचा नसतोच. उच्चार स्वच्छ असलेली चार-पाच मुलं स्टुडिओत नेतात आणि सगळ्यांचे संवाद त्यांच्याकडूनच म्हणून घेतात. बाकीच्यांना महिनाभर तालीम करूनही स्वतःच्या गळ्यातून एक शब्द काढायला मिळत नाही. मला हे फार लागतं.

सकाळी आठवीवर तास होता. बाकं भिंतीला सरकवण्यात आणि परत लावण्यात दहा मिनिटं जातात, हातात पंचवीस उरतात. मुलांना गोलात उभं केलं. खेळ साधा आहे, नाटकाच्या शिबिरांत सगळीकडे घेतात. सगळ्यांनी मिळून एक ते वीस मोजायचं. कुणी कधी बोलायचं ते ठरलेलं नाही, खुणा करायच्या नाहीत, ओळीने जायचं नाही. दोघं एकदम बोलले की पुन्हा एकपासून. सुरुवातीला गाडी तीनच्या पुढे जाईना. मोठ्या आवाजाची मुलं, दर संमेलनात सूत्रधार नाहीतर शिवाजी महाराज होणारी, प्रत्येक आकड्यावर तुटून पडत होती. मग भांडणं झाली, ‘तू गप्प बस ना’ झालं. मी मधे पडले नाही. जरा वेळाने आवाज आपोआप खाली आले, काहींनी डोळे मिटून घेतले. नऊपर्यंत गेले. पुन्हा एक. मग अकरा. आता दोन आकड्यांच्या मधे इतकी शांतता होती की शेजारच्या वर्गातलं प्रमेय शब्दन् शब्द ऐकू येत होतं. तेरा झाल्यावर खिडकीजवळच्या मुलीने ‘चौदा’साठी तोंड उघडलं आणि ती थांबली. तिच्या डावीकडच्या मुलाने श्वास घेतला होता. तो तिला ऐकू आला. तिने त्याला बोलू दिलं. सतरावर घंटा झाली आणि सगळा वर्ग मोठ्याने हळहळला.

शेजाऱ्याचा श्वास ऐकून स्वतःला थांबवणं, हाच अभिनयाचा पाया. वाचा, हावभाव, वेशभूषा सगळं त्याच्यानंतर येतं. हे आठवीतल्या मुलीला जमतं, फक्त तेवढी जागा करून द्यावी लागते.

संध्याकाळी कॉलेजच्या मुलांची तालीम. तिथे दुखणं जरा वेगळं. मुलं समोरच्याच्या वाक्यातले शेवटचे दोन शब्द पाठ करतात आणि ते कानावर पडले की आपलं वाक्य सोडतात. मधलं कुणी ऐकत नाही. आज एका प्रवेशात अट घातली: आधी समोरचा काय म्हणाला ते आपल्या भाषेत म्हणायचं, मगच आपलं वाक्य. सहा मिनिटांचा प्रवेश वीस मिनिटं चालला. बापाचं काम करणारा मुलगा मधेच थांबून म्हणाला, “ताई, ही माझी माफी मागतेय. मला वाटत होतं टोमणा मारतेय.” इतके दिवस तो त्या वाक्यावर चिडत होता. त्यानंतर त्याने नुसती मान फिरवली आणि प्रवेश बदलला.

पुण्यात कॉलेजचं नाटक म्हटलं की पुरुषोत्तम करंडक. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून सुरू आहे आणि भरत नाट्य मंदिरात ‘अरे आवाज कुणाचा’ घुमायला लागलं की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. तिथे कुणी पदवी देत नाही. एफवायचं पोर आधी सेट उचलतं, चहा आणतं, प्रॉम्प्टिंग करतं आणि सीनियरचं बघत बघत तयार होतं. ही शाळा मोठी आहे. पण २०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही म्हणून तो कुणालाच दिला नाही, तेव्हा बरीच मुलं दुखावली होती, ते आठवतं. त्या निकालावर वाद घालण्यात मला रस नाही. मला एवढंच दिसतं की दिग्दर्शन करणारा पोरगा स्वतः विशीतला असतो, आणि वेळ कमी पडला की प्रत्येक वाक्य तो स्वतः म्हणून दाखवतो. मग स्टेजवरच्या आठही जणांच्या तोंडी त्याचाच हेल येतो. स्टुडिओत न जाताही ट्रॅक तयार होतो.

आपल्याकडे हे काम चांगलं करून दाखवलेली माणसं होऊन गेली आहेत. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, मुलांकडून नाटकं करून घेता घेता पुढे आविष्कार या नाट्यसंस्थेची मुलांसाठीची शाखा, चंद्रशाळा, उभी राहिली. १९८६ मध्ये मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या थिएटर अकादमी या नाट्यसंस्थेने बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरचं बालनाट्य मराठीत आणलं. त्यात मोठे नट लहान मुलं होतात. मोठ्यांनी मुलांचं बोलणं, चालणं, रुसणं किती बारकाईने ऐकलं-पाहिलं होतं, हे ते प्रयोग बघताना कळायचं. राक्षस-परी नाही, भाड्याचं घर आणि आई-बाबांचं भांडण, तरी पोरं खुर्चीच्या टोकावर.

शिकवणारी माणसं नाहीत असंही नाही. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून नाटक शिकवतंय. तिथून शिकून बाहेर पडलेल्यांना शाळा बोलावतात, पण संमेलनाच्या आधीचे तीन आठवडे, मानधनावर. २०२०च्या शैक्षणिक धोरणात कलेची सांगड रोजच्या शिकण्याशी घाला म्हटलंय. आठवड्याला एक तास, निवडक बारा मुलांना नव्हे तर अख्ख्या वर्गाला, एवढंच मला त्यातून हवं आहे. तो तास वेळापत्रकात छापलेला हवा, गणिताला देऊन टाकता येणार नाही असा.

तोवर मराठीच्या शिक्षकांना हाताशी धरायचं ठरवलंय. पाठ्यपुस्तकात नाट्यउतारे असतातच, आणि ते बसून एकामागून एक वाचले जातात. शनिवारी शाळा सुटल्यावर पाच जण थांबणार आहेत. आधी दोघांना समोरासमोर उभं करीन. एकाच्याच हातात पुस्तक. दुसऱ्याने ऐकून, अर्थ धरून, आपल्या शब्दांत उत्तर द्यायचं. मग पुस्तकं बदलायची. उतारा कोणता घ्यायचा ते अजून ठरत नाहीये, दोन पात्रांचा आणि छोटा हवा. उद्या सातवीचं पुस्तक मागून घेते.