सराव पाठ आणि खिशातला कॅमेरा

अध्यापक महाविद्यालयांतील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचा विषय निघाला की चर्चा बहुधा संगणक कक्ष, प्रोजेक्टर आणि स्लाइड यांच्यापाशीच थांबते. छात्राध्यापकांच्या, म्हणजे शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्यांच्या, सहवासात माझे मत मात्र दिवसेंदिवस पक्के होत गेले आहे, की शिकवणाऱ्याला स्वतःचे शिकवणे पाहता येणे हा या तंत्रज्ञानाचा सर्वांत मोलाचा उपयोग आहे.

सूक्ष्म अध्यापनाचे, म्हणजे छोटा पाठ घेऊन अध्यापनाचे एखादे कौशल्य सरावण्याचे, तंत्र १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवले, तेव्हा छोट्या पाठाचे चित्रण करून ते शिकवणाऱ्याला दाखवणे हा त्याचा महत्त्वाचा भाग होता. पुढे पाठ, प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय) आणि पुनर्अध्यापन (तोच पाठ सुधारून पुन्हा घेणे) हे चक्र सर्वत्र रुजले. चित्रण मात्र पुष्कळ ठिकाणी गळून पडले. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि तरीही आपण निरीक्षण वहीत शेरे लिहिण्यावरच समाधान मानतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

एका छात्राध्यापिकेच्या वहीत मी दोनदा ‘प्रश्नकौशल्य सुधारावे’ असे लिहिले होते आणि त्याचा काहीही परिणाम झाला नव्हता. मग तिच्या अपूर्णांकांच्या पाठाचे मोबाइलवर केलेले चित्रण आम्ही सोबत बसून पाहिले. ‘दोन छेद तीन मोठा की तीन छेद चार?’ असे विचारून तिने श्वासही न घेता उत्तर स्वतःच सांगून टाकले होते, आणि त्याच क्षणी मागच्या बाकावरचा एक अर्धवट वर आलेला हात खाली गेला होता. तिने तो तुकडा तीनदा पाहिला. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले होते, की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि ही वेळ तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरे अधिक मोठी होतात व अधिक मुले बोलू लागतात. हे आम्ही त्यानंतर वाचले, म्हणून ते तिला भिडले. पुनर्अध्यापनाच्या वेळी ती मनात तीनपर्यंत आकडे मोजत होती.

तंत्रज्ञानाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका ठेवून हे साधत नाही. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्ये मांडलेल्या चौकटीचा गाभाच हा आहे, की आशय, अध्यापन आणि तंत्रज्ञान यांचे ज्ञान एकमेकांत गुंतलेले असते. अर्धवर्तुळात अंतर्लिखित झालेला कोन जिओजिब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये दाखवताना बिंदू कितीही सरकवला तरी कोन ९० अंशांचाच राहतो. पण बिंदू सरकवण्यापूर्वी ‘आता काय होईल?’ असे विचारून थांबायचे, हे गणिताच्या पाठ टाचणातच, म्हणजे पाठाच्या लेखी नियोजनातच, लिहिलेले हवे.

चित्रणासाठी शाळेची आणि पालकांची परवानगी आधी घ्यावी. ती मिळाली नाही तर केवळ ध्वनिमुद्रण करण्याविषयी विचारावे, कारण प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली शांतता त्यातही स्पष्ट ऐकू येते.