मीटरच्या वहीतला मेळावा

आमच्या सर्वधर्मीय मंडळाच्या वार्षिक मेळाव्याविषयी लिहायला बसलो की स्वागत, प्रास्ताविक, मागील सभेचे इतिवृत्त आणि हिशेबाची मंजुरी हा भाग मी एका वाक्यात संपवतो, कारण तो दरवर्षी वेळेवर होतो आणि दरवर्षी तसाच होतो. मन रेंगाळते ते त्यानंतरच्या दीड-दोन तासांवर. निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळांनी आपापल्या इमारतींतला विजेचा वापर एकमेकांच्या मदतीने कमी करावा, एवढ्याच उद्देशाने हे मंडळ स्थापन झाले आणि पहिल्या दिवसापासून त्याची नोंदवही माझ्याकडे आहे. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यात माझी माया मिसळलेली आहे, आणि ती लपवण्याची मला इच्छा नाही.

मेळाव्यात दोन प्रकारचे आकडे वाचले जातात. पहिला आकडा विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या एक सदस्य बाई वाचतात. हवाई बेटांवरील माउना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली तेव्हा त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी ते सुमारे २८० होते, २०१३ मध्ये त्याच वेधशाळेतील एका दिवसाची सरासरी प्रथमच ४०० च्या पलीकडे गेली, आणि आता ४२० ही मागे पडले आहे. बाई त्यावर भाष्य करीत नाहीत. त्या वर्षीचा आकडा फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहितात आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो कोणालाही पुसू देत नाहीत. इतक्या वर्षांत आदल्या वर्षीपेक्षा कमी झालेला आकडा त्यांना एकदाही लिहिता आलेला नाही.

त्या फळ्यासमोर उभे राहून मग दुसरे आकडे वाचले जातात. ते प्रत्येक प्रार्थनास्थळाच्या वीजमीटरचे असतात, बारा महिन्यांचे बारा. ते विश्वस्तांनी किंवा धर्मगुरूंनी वाचायचे नाहीत, तर जो माणूस पहाटे दार उघडतो, दिवे लावतो, टाकी भरतो आणि रात्री कुलूप घालतो त्याने वाचायचे, असा ठराव पहिल्याच सभेत झाला होता. तो ठराव मांडणाऱ्या माणसाला त्यातून काय उभे राहील याची कल्पना होती की नाही, हे मला आता विचारता येणार नाही. मात्र मंडळाने आजवर केलेल्या ठरावांत मला तो सर्वांत मोलाचा वाटतो.

पहिल्या वर्षी सर्वांत आधी मशिदीची देखभाल करणारे चाचा उठले. ध्वनिक्षेपकासमोर ते आयुष्यात पहिल्यांदाच उभे राहत होते. हातातला कागद थरथरत होता, आणि त्यांनी कोणतीही प्रस्तावना न करता महिना आणि युनिट, महिना आणि युनिट असे वाचायला सुरुवात केली. सातव्या महिन्यावर येऊन ते थांबले. त्या महिन्याचा आकडा आधीच्या सगळ्यांपेक्षा बराच मोठा होता. “ही चूक माझी आहे,” ते म्हणाले, “टाकीचा फ्लोट बिघडला होता, पंप रात्रभर चालत राहायचा आणि पाणी वाहून जायचे. मला दोन आठवडे कळले नाही.” सभागृहात कोणी हलले नाही. मग मागच्या रांगेतून चर्चची झाडलोट आणि देखभाल करणाऱ्या मावशी उभ्या राहिल्या आणि आपला क्रमांक अजून आलेला नाही हे विसरून म्हणाल्या, “चाचा, आमच्याकडेही अगदी हेच झाले होते, मी सांगितले नव्हते.” त्या दोघांनी कार्यक्रम संपल्यावर पंपाविषयी जे बोलणे केले त्यातूनच पुढे सगळ्या इमारतींच्या टाक्या महिन्यातून एकदा तपासण्याची पद्धत सुरू झाली.

तेव्हापासून प्रत्येकाने बारा आकडे वाचून झाल्यावर एक वाढ आणि एक घट यांचे कारण सांगायचे, असा शिरस्ता पडला. मला दरवर्षी हलवून सोडते ते हेच बोलणे. धर्मग्रंथांतील वचनांवरची व्याख्याने मी आदराने ऐकतो, पण जो माणूस आपल्या हातून झालेली वाढ आपल्या तोंडाने सांगतो आणि मग आपल्या हातून झालेली घट तितक्याच हळू आवाजात सांगतो, त्याचे बोलणे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी येते आणि वहीतली अक्षरे दिसेनाशी होतात. त्या आकड्यांमुळे फळ्यावरचा आकडा जागचा हलणार नाही, हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही ते लोक त्या आकड्याकडे पाठ न फिरवता त्याच्या शेजारी उभे राहून आपला हिशेब देतात.

या बोलण्यातून मी जे शिकलो ते कोणत्याही पुस्तिकेतून शिकलो नसतो. साठ वॅटच्या जुन्या बल्बइतकाच उजेड आठ-नऊ वॅटचा एलईडी दिवा देतो, हे आम्ही सर्वांनी वाचले होते. पण जुना बल्ब साधारण हजार तासांत जातो आणि एलईडी त्याच्या कितीतरी पट टिकतो, याचा अर्थ मंदिराच्या वृद्ध सेवेकऱ्यांनी सांगितला तेव्हा उमगला. उंच छताखालचा दिवा बदलण्यासाठी ते वर्षभरात कितीदा तरी लांब शिडीवर चढत असत, आणि दिवे बदलल्यापासून त्यांची ती भीती गेली होती. गुरुद्वाऱ्याच्या सेवादारांनी सांगितले की उंच सभागृह गार ठेवताना माणसे बसतात त्या खालच्या थराखेरीज वरच्या रिकाम्या हवेवरही बरीच वीज खर्च होते. म्हणून त्यांनी वातानुकूलन बंद करून रात्री खिडक्या उघड्या ठेवायला सुरुवात केली, जाड भिंती पहाटेपर्यंत निवू लागल्या आणि दुपारपर्यंत त्यांचा गारवा पुरू लागला. विहारातल्या एका तरुणाने हवा खेळती ठेवणाऱ्या मोठ्या पंख्याला वेगनियंत्रक बसवला होता. वेग पंचमांशाने कमी केला तर वीज निम्म्याने कमी होते, हे त्याचे म्हणणे प्रथम कोणाला पटेना. मग आमच्या निवृत्त अभियंत्यांनी फळ्यावर ०.८ तीनदा गुणून ०.५१२ हे उत्तर काढून दाखवले आणि अशा पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते हे समजावले. तो तरुण त्या वेळी ज्या तऱ्हेने हसला ते हसू मी विसरलेलो नाही.

एका वर्षीचा तक्ताही विसरता येत नाही. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने सगळ्या प्रार्थनास्थळांचे आठवड्याचे वेळापत्रक एकाच मोठ्या कागदावर रंगांनी भरून आणले होते. पहाट आणि तिन्हीसांजा बहुतेक सगळ्यांच्या रंगांनी भरलेल्या होत्या, शुक्रवारची दुपार मशिदीच्या, शनिवार यहुदी प्रार्थनागृहाच्या आणि रविवारची सकाळ चर्चच्या रंगाने उठून दिसत होती; आणि कागदाच्या मधोमध, म्हणजे छपरावरच्या सौर पॅनेलांतून सर्वांत जास्त वीज निघते त्या भर दुपारच्या तासांत, आठवड्यातले बरेच दिवस कागद कोरा होता. आमच्या प्रार्थना सूर्य उगवताना आणि मावळताना होतात, वीज मात्र सूर्य डोक्यावर असताना मिळते, हे आमच्यापैकी कोणी असे एका नजरेत पाहिलेच नव्हते. पॅनेल किती मोठे बसवावे, बॅटरी कोणाला लागेल, पंप आणि धुण्याची कामे दुपारी हलवता येतील का, असे सगळे प्रश्न त्या कागदावरून सुरू झाले. छपरावरची जादा वीज शेजारच्या इमारतीला देण्याचे नियम ठिकठिकाणी वेगवेगळे असतात, त्यामुळे तो विचार अजून पुरता मार्गी लागलेला नाही, पण तक्ता मी जपून ठेवला आहे.

मोठ्या घोषणांचे वाचन मला आवडत नाही असे कोणी समजू नये. १९८६ मध्ये इटलीतील असिसी येथे बौद्ध, ख्रिस्ती, हिंदू, इस्लाम आणि यहुदी या पाच धर्मांच्या प्रतिनिधींनी निसर्गरक्षणाविषयी आपापली निवेदने मांडली होती, तिथून आमच्या कामाची वंशावळ सुरू होते असे मी मानतो. २०१५ च्या वर्षातील निवेदनांवर झालेला मेळावा तर मला शब्दशः आठवतो. त्या वर्षी जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांचे पृथ्वीविषयीचे परिपत्र प्रसिद्ध झाले, ऑगस्टमध्ये इस्तंबूल येथे इस्लामी विद्वानांनी हवामानबदलाविषयी जाहीरनामा काढला आणि श्रीमंत व तेल उत्पादक देशांनी शतकाच्या मध्यापर्यंत हरितगृह वायूंचे उत्सर्जन थांबवावे असे स्पष्ट म्हटले; त्याच वर्षी बौद्ध, हिंदू आणि यहुदी नेत्यांचीही निवेदने आली, आणि १२ डिसेंबरला पॅरिसचा करार झाला. आमच्या ज्येष्ठ सदस्यांनी ठरवले की प्रत्येक निवेदनातील उतारा त्या धर्माच्या माणसाने न वाचता शेजारच्या धर्माच्या माणसाने वाचावा. चर्चच्या मावशींनी इस्लामी जाहीरनाम्यातील तराजूविषयीचा, म्हणजे सृष्टीतील समतोलाविषयीचा भाग वाचला आणि चाचांनी पोपच्या परिपत्रातील उतारा वाचला. चाचा अडखळत वाचत होते, आणि मावशी पहिल्या रांगेतून ओठ हलवून त्यांना पुढचा शब्द सुचवत होत्या.

दुसऱ्या एका वर्षी एका पाहुण्यांनी जगभरातील प्रार्थनास्थळांची छायाचित्रे दाखवली. १९९८ मध्ये अमेरिकेत सॅली बिंगहॅम या धर्मोपदेशिकेने आपल्या एपिस्कोपल या ख्रिस्ती पंथाच्या काही चर्चना एकत्र करून नूतनीकरणक्षम वीज एकत्रितपणे घेण्याचा प्रयत्न सुरू केला आणि पुढे त्यात इतर धर्मही आले, ही हकीकत त्यात होती. व्हॅटिकनच्या सभागृहाच्या छपरावर २००८ मध्ये बसलेली सुमारे २४०० सौर पॅनेल होती. अबू रोड येथील ब्रह्माकुमारींच्या सौर प्रकल्पातील ऊन एका जागी एकवटणारी ७७० महाकाय आरशांची तबके होती, जी लोखंडात उष्णता साठवून सूर्यास्तानंतरही वीज देतात. आणि २०२२ मध्ये हरित इमारतीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवणारे जगातील पहिले प्रार्थनास्थळ ठरलेली जकार्ताची इस्तिकलाल मशीद होती. पाहुणे थांबले तेव्हा मंदिराच्या सेवेकऱ्यांनी हात वर केला आणि विचारले, “या काचांवरची धूळ कोण पुसते?” पाहुण्यांना ते सांगता आले नाही. मला त्या क्षणी आमच्या लोकांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा क्वचितच वाटला असेल, कारण पॅनेलवर धूळ बसली की वीज घटते आणि ती पुसायला माणूस लागतो, हे त्यांनी फोटो पाहतानाच ओळखले होते.

आता जे लिहितो ते लिहावे की नाही याचा मी बराच विचार केला. उद्घाटनाच्या वेळी सभागृह भरलेले असते. मान्यवरांची भाषणे होतात, छायाचित्रे निघतात, आणि मीटरचे आकडे सुरू होण्याच्या सुमारास पुढच्या दोन रांगा रिकाम्या होतात. एका वर्षी मावशी बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा समोर मोजून अकरा माणसे उरली होती, आणि त्यातली चार आम्ही कार्यकारिणीचीच होतो. जाणाऱ्यांना कामे असतात, ती महत्त्वाचीही असतील. तथापि पृथ्वीविषयी सुंदर बोलून ज्यांनी टाळ्या घेतल्या त्यांनी आपल्याच इमारतीचे दिवे लावणाऱ्या आणि मालवणाऱ्या माणसाचे पाच मिनिटांचे बोलणे ऐकून जावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. पुढच्या वर्षी आम्ही क्रम बदलला आणि मीटरवाचन आधी ठेवले. तेव्हा तेच लोक उशिरा आले. ती खंत अजून गेलेली नाही. मेळावा संध्याकाळऐवजी सकाळी घेण्याचा निर्णयही याच काळातला. त्याने गर्दी वाढली नाही, पण पडदे सारले की दिवे न लावता सबंध कार्यक्रम होऊ लागला.

साहाय्य करणाऱ्यांची नावे मी दरवर्षी वाचून दाखवतो. त्यांच्यापैकी पुष्कळांनी नाव छापू नका असे सांगितल्यामुळे येथे कामे तेवढी लिहितो, आणि कोणाचे राहून गेले असल्यास तो दोष माझ्या वयाचा आहे, मनाचा नाही. दर महिन्याला सगळ्या इमारतींत फिरून मीटरचे फोटो काढणारी दोन मुले. जुन्या वायरिंगची तपासणी मोबदला न घेता करून देणारे वीजतंत्री आणि त्यांचा मदतनीस. खिडक्यांच्या फटी बुजवण्यासाठी सलग तीन रविवार आलेला युवकांचा गट; त्या इमारतींत त्यांच्या स्वतःच्या धर्माचे प्रार्थनास्थळ एकही नव्हते. पाच भाषांतील निवेदने मराठीत आणणाऱ्या दोघी बहिणी. खुर्च्या लावणारे आणि, जे नेहमी विसरले जाते, त्या परत उचलून ठेवणारे. ध्वनिक्षेपक सांभाळणारे गृहस्थ. बहिऱ्या सदस्यांसाठी हातांच्या खुणांनी भाषणे पोहोचवणाऱ्या बाई. आणि आपली आजी आकडे वाचायला येऊ शकली नाही त्या वर्षी तिचा कागद घेऊन आलेला नातू, या सर्वांचे ऋण वहीत नोंदलेले आहे.

चाचा गेले त्याला आता काही काळ झाला. त्या वर्षीच्या मेळाव्यात त्यांच्या मशिदीचा क्रमांक आला तेव्हा त्यांची सून उठली. तिच्या हातात चाचांची स्वतःची छोटी वही होती, शेवटच्या दोन महिन्यांचे आकडे तिच्या अक्षरातले होते. तिने बारा आकडे वाचले, एका वाढीचे कारण सांगितले, घटीचे कारण सांगितले, आणि मग पान उलटून म्हणाली की पुढच्या वर्षाच्या बारा रेघा त्यांनी आधीच आखून ठेवल्या आहेत.