गठ्ठ्याखालची कादंबरी

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर पडला की डोकं आधी भागाकार करायला लागतं. 60 पेपर, प्रत्येकी 12 मिनिटं, म्हणजे 12 तास. रोज दोन तास दिले की सहा दिवसांत मोकळे. हिशोब इतका सरळ दिसतो की माणूस निर्धास्त होऊन गठ्ठा बाजूला सारतो. त्या 12 मिनिटांत गुणांची बेरीज धरलेली नसते, ती पहिल्या पानावर चढवणं धरलेलं नसतं, पुरवणीत उलट्या बाजूने लिहिलेला चौथा प्रश्न शोधणंही नसतं. 15 मिनिटं धरावीत. म्हणजे 15 तास. आणि त्याच महिन्यात कादंबरीचं चौथं प्रकरण अर्ध्यावर लोंबकळत असतं, पुढच्या आठवड्याच्या तासांसाठी 80 पानं वाचायची असतात, शिवाय नुसतं वाचावंसं वाटतं म्हणून आणलेलं एक पुस्तक असतंच.

शिकवून लिहिणाऱ्या माणसाला लोक हमखास विचारतात, वेळ कसा काढता? वेळ निघतो हो. शिकवणाऱ्याच्या दिवसाला फटी बऱ्याच असतात. दोन तासांच्या मधला मोकळा तास असतो, कोणीतरी रजेवर गेल्याने हललेलं वेळापत्रक असतं, सगळे यायच्या आधीची अर्धा तास शांतता असते. अडचण वेगळीच आहे. शिकवणं, वाचणं आणि लिहिणं ही तिन्ही कामं एकाच जिभेवर चालतात, आणि जी आधी चढते तिची चव पुढच्या कामाला लागते.

वर्गात एक गोष्ट तीनदा सांगावी लागते. आधी सांगायची, मग उदाहरण द्यायचं, मग वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगायची. मागच्या बाकावर पोचायला तिसरी खेप लागतेच, आणि त्यात गैर काही नाही. चांगलं शिकवणं असंच असतं. पण लागोपाठ चार तास असं बोलून कादंबरीला बसलं की कागदावर काय उतरतं ते पाहा: ‘ती खिडकीपाशी गेली. रस्त्यावर कोणी नव्हतं. म्हणजेच तिला आता फार एकटं वाटू लागलं होतं.’ तिसरं वाक्य सरळ वर्गातून आलंय. ते खोडलं तर पहिली दोन पुरेशी आहेत. पण दुपारी चार वाजता ते खोडायचं सुचत नाही, उलट फार स्पष्ट झालं म्हणून बरंच वाटतं. ‘थोडक्यात’, ‘अर्थात’, ‘इथे लक्षात घ्यायला हवं’ हे शब्द कादंबरीत दिसले की ते पान तासांनंतर लिहिलंय असं खुशाल समजावं.

म्हणून आधी लिहायचं, मग बोलायचं. पहाटेचं माहात्म्य मला फारसं पटत नाही. पहाटेला किंमत आहे ती एवढ्यासाठी, की तोवर कोणाला काही समजावून सांगितलेलं नसतं. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करत पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा आणि घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला 250 शब्द काढायचा, ही गोष्ट सगळे सांगतात आणि ऐकणाऱ्याला उगाच खजील करतात. ताशी 1,000 शब्दांचा वेग त्याचा त्याला लखलाभ. उचलण्याजोगी आहे ती त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट: पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशी लिहिलेलं वाचायचा, तेही मुख्यतः शब्द कानाला कसे लागतात ते तोलत. त्या अर्ध्या तासात सूर सापडतो आणि मग नवं वाक्य जुन्याला जोडून येतं. बाकी त्याचं एक बरं होतं. टपाल खात्यात पत्रं पोचवावी लागतात, समजावून द्यावी लागत नाहीत.

सकाळी सातलाच तास असेल तर? मग तास संपल्यावर 40 मिनिटं कोणाशी बोलायचं नाही. फोनही नाही. चालायला जावं, किंवा कवितेची चार पानं मोठ्याने वाचावीत. कविता स्पष्टीकरण देत नाही, त्यामुळे कान लवकर साफ होतो.

महिनाभरात कादंबरी पुरी करायचा एक उपक्रम होता. 1999 साली सॅन फ्रान्सिस्कोत 21 जणांनी तो जुलैत करून पाहिला आणि पुढच्या वर्षापासून नोव्हेंबर ठरला. 30 दिवसांत 50,000 शब्द, म्हणजे रोजचे 1,667. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे मराठीतले 50,000 शब्द इंग्रजीतल्या तेवढ्याच शब्दांपेक्षा जाड पुस्तक होतं. तो आकडा जसाच्या तसा उचलला तर पहिल्याच आठवड्यात दम लागतो. शिकवणाऱ्याने 500 धरावेत, आणि तेही महिन्यातल्या 22 दिवसांचेच. 11,000 शब्द होतात, म्हणजे तीन-चार प्रकरणं. 60,000 शब्दांची कादंबरी साडेपाच महिन्यांत उभी राहते. ज्यांना घाई आहे त्यांनी नोकरी सोडावी. गंमत नाही, काहीजण सोडतात.

खाडे पडतातच, पण ते एका दिवसात भरून काढायच्या नादाला लागू नये. 1,667चाच हट्ट धरला आणि पहिल्या दहा दिवसांत सहाच दिवस लिहून झालं, तर साधारण 10,000 शब्द हाती असतात. उरलेले 40,000 वीस दिवसांवर पसरले की रोजचे 2,000 होतात. म्हणजे रोज 333 जास्तीचे, बोटांना कळतही नाही. तेच रविवारी बसून चार दिवसांची थकबाकी फेडायला गेलं की साडेसहा हजार शब्द काढावे लागतात, आणि मग पात्रं दारात उभी राहून बोलायला लागतात. ‘आलास?’ ‘हो, आलो.’ ‘कधी आलास?’ ‘आत्ताच.’ ‘बस ना.’ ‘बसतो.’ शब्द भरतात. कथा दारातच थांबते.

उठण्याचंही एक तंत्र आहे. प्रकरण संपवून उठू नये, परिच्छेद संपवूनही नको. वाक्य अर्धं सोडावं, पण पुढचा अर्धा भाग डोक्यात पक्का असताना. शेजारी तीन ओळींचं टाचण ठेवावं: खोलीत आत्ता कोण आहे, त्याला काय हवंय, आणि दुसऱ्याला अजून काय ठाऊक नाही. एवढं पुरतं. टाचणाशिवाय चार दिवसांचा खंड पडला की पाचव्या दिवसाचा पाऊण तास नुसता मागचं आठवण्यात जातो. मामाने पत्र वाचलंय की अजून नाही? त्याच्या हातात काठी होती का? ज्या दिवशी लिहिणं शक्यच नाही त्या दिवशी हस्तलिखित उघडून शेवटचा परिच्छेद फक्त नकलून काढावा. दहा मिनिटांचं काम. एक शब्द वाढत नाही, पण धागा वाळत नाही.

आता तपासणी. पेपर एकेक करून पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासण्यापेक्षा प्रश्नवार तपासावेत. सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. पानं जास्त उलटावी लागतात खरी, पण मोजपट्टी एकच राहते, आणि पहिल्या उत्तराने खूश होऊन तिसऱ्याला जास्तीचा गुण देण्याचा मोह टळतो. प्रत्येक प्रश्नाला गठ्ठा फिरवून घ्यावा, नाहीतर वरचे दहाजण कायम ताज्या डोळ्यांना सापडतात आणि तळातले दहा कायम थकल्या डोळ्यांना. सुरुवातीचे पाच शेवटी पुन्हा बघावेत. तिथे हात बहुतेक वेळा आखडता असतो, कारण तेव्हा अजून डोळ्यांसमोर आदर्श उत्तर असतं. विसाव्या पेपरापर्यंत ते वर्गाच्या पातळीवर आलेलं असतं. दहा पेपर झाले की उठावं.

आणि लाल पेन हातात घेतलं त्या दिवशी स्वतःच्या कादंबरीच्या वाटेला जाऊ नये. तपासणारा डोळा मुद्दे मोजतो. आला, आला, हा नाही आला. तो डोळा घेऊन आपलंच प्रकरण उघडलं की तिथेही मुद्दे सापडायला लागतात. आई येऊन गेली, बरोबर. घर विकायचा विषय निघाला, बरोबर. पूर्ण गुण. अशा प्रकरणात हवा खेळत नाही, आणि ते कुठे अडलंय ते त्या दिवशी तरी कळत नाही. फारच निकड असेल तर सकाळी लेखन, रात्री तपासणी, आणि मध्ये किमान एक जेवण.

पर्यवेक्षणाची ड्यूटी लागली की लोक कुरकुरतात. तीन तास उभं राहायचं, पुस्तक उघडायचं नाही, फोन नाही, पेपर तपासायचे नाहीत. मला तर कादंबरीकारासाठी याहून चांगली सोय माहीत नाही. पाय चालते, हात रिकामे, तोंड बंद. पहिला अर्धा तास धरू नये. प्रश्नपत्रिका, बैठक क्रमांक, सह्या यांत तो जातो. शेवटचा पुरवण्या बांधण्यात. मधल्या दोन तासांसाठी एकच प्रश्न डोक्यात घेऊन जावा, दोन नव्हे. धाकट्याला हे कोणाकडून कळलं? बस्स. खिडकीपासून दारापर्यंतच्या फेऱ्यांत याचं उत्तर बहुधा मिळतं. ते मनातच तीनदा घोळवून पाठ करावं, लिहायला कागद काढू नये. आपण काहीतरी खरडतोय हे दिसलं की मागचा बाकसुद्धा कामाला लागतो.

‘लोलिता’चा लेखक व्लादिमीर नाबोकोव्ह 1948 ते 1959 अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होता आणि कादंबऱ्या रेघी कार्डांवर पेन्सिलने लिहीत होता. पुस्तकातला कुठलाही तुकडा कधीही लिहायचा आणि मग कार्डं लावायची, अशी त्याची रीत. मोकळ्या तासाला हे फार सोयीचं. अख्खं प्रकरण उघडायला 25 मिनिटं पुरत नाहीत, एका कार्डाला पुरतात. हाताच्या पंजाएवढ्या कार्डावर मराठी 60-70 शब्द मावतात. एक हालचाल, एखादा संवाद, तेवढंच. क्रमांक वरच्या कोपऱ्यात आणि पेन्सिलनेच घालावा, कारण तो बदलणार. शाईने घातलेला क्रमांक बदलायचा कंटाळा येतो आणि केवळ त्या कंटाळ्यापायी प्रसंग चुकीच्या जागी राहून जातात.

कार्डं अशी सुटी लिहायची तर पात्रांची नावंही आधी ठरवून ठेवावीत, आणि हजेरीपत्रकातून मुळीच उचलू नयेत. नावं तिथे सुंदर असतात, आडनावं तर एकेक हिरे. पण नावामागे चेहरा येतो. खलनायकाला एकदा तिसऱ्या बाकावरच्या मुलाचं नाव दिलं की तो बिचारा महिनाभर पुस्तकात दुष्टपणा करू शकत नाही, आणि वर्गात त्याच्या शंकेला आपण विनाकारण सावधपणे उत्तर देतो.

वाचन तीन तऱ्हेचं. वर्गासाठीचं टाळता येत नाही; ते पेन्सिल घेऊन, पान क्रमांक टिपत, ताशी 15 पानांच्या चालीने होतं. कादंबरीसाठीचं पुढे ढकलता येतं, नव्हे ढकलावंच. त्या काळी गिरणीचा भोंगा किती वाजता व्हायचा हे शोधायला मध्येच उठलं की माणूस दोन तासांनी भलत्याच विषयातलं ज्ञान घेऊन परत येतो. तिथे दोन चांदण्या (**) टाकून पुढे जावं. चांदणी अशासाठी, की मजकुरात ती एरवी येत नाही आणि संगणकावर शोधली की नेमकी सापडते. दहा-बारा चांदण्या साठल्या की एकदाच बसून निकाल लावावा. निम्म्या ठिकाणी माहितीची गरजच नव्हती असं तेव्हा दिसतं.

तिसरं वाचन नुसतंच. महिना भरगच्च झाला की कात्री पहिल्यांदा त्याला लागते, कारण त्याबद्दल विचारणारं कोणी नसतं. गुण वेळेत दिले नाहीत तर परीक्षा विभागातून फोन येतो. एखादं पुस्तक 40व्या पानावर राहिलं तर कोणाचा येणार? परिणाम दिसतो तो उशिरा, तीन-चार आठवड्यांनी, वाक्यांत. सगळी वाक्यं एकाच लांबीची व्हायला लागतात. क्रियापद दरवेळी शेवटी, ‘होता-होती-होते’ची रांग लागलेली. आपलंच लेखन सोडून दुसरं काही कानावर गेलेलं नसतं, तर दुसरं काय होणार. मात्र या दिवसांत दुसऱ्याची कादंबरी वाचू नये, निदान दमदार शैलीची तरी. चार दिवसांत आपली पात्रं त्याच्या लकबीत बोलायला लागतात. प्रवासवर्णन चालेल, पत्रसंग्रह चालेल, जुनी गॅझेटियरं तर उत्तम.

रोज दहा पानं, 20 मिनिटं. झोपायच्या आधी नको, तिसऱ्या पानावर पुस्तक नाकावर पडतं आणि दुसऱ्या दिवशी तीच तीन पानं पुन्हा. आरामखुर्चीही नको. भर दुपारी, दोन तासांच्या मध्ये, व्हरांड्यात उभ्याने वाचावं. उभ्या माणसाला डुलकी लागत नाही आणि पुस्तकात डोकं घातलेलं बघून कोणी समित्यांच्या गप्पा घेऊन येत नाही. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे जरा विचित्र नजरेने बघतात. बघू देत.