दोन मिलिमीटर

रविवारी तांबडा-पांढरा झाला की कोल्हापुरात माणूस आडवा होतो. मी त्या वेळेला पाना शोधत असतो. परसात आंब्याखाली दोन लाकडी घोड्यांवर माझी एकट्याने वल्हवायची होडी ठेवलेली असते. लांबलचक, चिंचोळी, दोन्ही बाजूंना रिगरचे, म्हणजे वल्ह्यांच्या कड्या धरणाऱ्या सांगाड्याचे, हात पसरलेली. रणरणत्या उन्हात पाण्याचा पत्ता नाही आणि मी टेप धरून सीटपासून वल्ह्याच्या कडीपर्यंतची उंची मोजतोय. शेजारच्या वहिनींनी आता हसणंही सोडलंय.

ही उंची साधारण 16-17 सेंटिमीटर असावी, असं जाणते सांगतात. कडी खाली बसली तर परतताना मूठ मांडीवर आपटते, वर गेली तर खांदे कानाला लागतात. त्यात दोन्ही कड्या सारख्या ठेवून चालत नाही. वल्हं ओढताना मुठी मध्यावर एकमेकींवरून जातात, डावी वरून, उजवी खालून. म्हणून डाव्या हाताच्या वल्ह्याची कडी सेंटिमीटरभर उंच. पातंही पाण्यात अगदी उभं नको, चारेक अंश कललेलं हवं; कल कमी झाला तर ते खोल बुडी मारतं, जास्त झाला तर वर निसटतं. पाझर तलावावर हे सगळं पाठीच्या मणक्याला आपोआप कळतं. परसात मात्र टेप लागतो, गवंड्याकडून मागून आणलेली लेव्हल लागते, आणि घरातली माणसं झोपलेली लागतात.

होडी जुनी घेतली, पुण्याच्या एका गृहस्थांकडून. आमची भेट कधी झाली नाही, व्यवहार फोनवरच. पण माणूस होडीवरून कळला. पाय टेकवायची पायफळी शेवटच्या खाचेत ढकललेली, म्हणजे तंगड्या लांब. कड्यांखाली वॉशरांची चळत, म्हणजे उंच ताठ बसणारा. डाव्या-उजव्या कडीत फरक मात्र शून्य. बिचाऱ्याच्या बोटांची सालटी निघत असणार. त्याच्या मापाच्या होडीत बसायचं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून जोतिबाचा डोंगर चढायचा. त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळं सुटं केलं.

कडी दोन-दोन मिलिमीटरनं उचलायला वॉशर उद्यमनगरातून आणल्या. लेथवाल्या मामांनी नायलॉनच्या रॉडमधून काढून दिल्या. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करणारा माणूस. त्यांना माझ्या दोन मिलिमीटरचं काय कौतुक? "सूतभर बी न्हाई की हे," म्हणाले. मग चष्मा वर करून, "आणि होडीला फिटिंग कशाला लागतंय?"

त्यांचं बरोबर होतं. पंचगंगेच्या माणसाला पाणी फुटांनी कळतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. पावसाळ्यात शाळेतली पोरंसुद्धा हे आकडे पाढ्यासारखे म्हणतात. लहानपणी प्रयाग चिखलीच्या बाजूला आजोळी असताना पूर आला की गुऱ्हाळावरची काहील पाण्यात उतरायची. एरवी गूळ शिजवायची ती अवाढव्य काहील. तिला ना टोक, ना शेपूट. एकानं बांबू रेटला की स्वतःभोवती गरगर फिरायची आणि फिरत फिरतच कुठंतरी पुढं सरकायची. आण्णा काठावर उभे राहून जुळवणी सांगायचे: "थोरल्या, तू हिकडं सरक. जोंधळ्याचं पोतं तिकडं. आक्का, मधी बसा, आणि काय बी झालं तरी उठू नगा." आजी मांडीवर देव्हाऱ्यातल्या देवांचं गाठोडं आणि काखेत कोंबडी घेऊन मधोमध. कोंबडी ओरडली की आण्णा कोंबडीलाही दटावायचे. टेप नाही, लेव्हल नाही. पोतं वीतभर सरकवलं की काहील सरळ. मला त्या वयात वाटायचं, होडी म्हणजे अशीच, गोल आणि गुळाच्या वासाची.

एका रविवारी मामेभाऊ आला. चिखलीतच राहतो, 2019 चा पूर त्यानं घराच्या माळ्यावरून पाहिलाय. होडीभोवती फिरून आला, रिगर हलवून पाहिला.

"किती माणसं बसत्यात?"

"एकच."

"आणि म्हस?"

"नाही."

"मागनं बांधली तर?"

मी त्याला दत्तू भोकनळचं सांगितलं. चांदवडच्या दुष्काळी भागातला, विहिरी खोदायला जाणारा पोरगा, फौजेत जाऊन वल्हवायला शिकला आणि 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकला अशाच एकट्याच्या होडीत 13वा आला. भावानं मान डोलावली. पोराचं कौतुक वाटलं त्याला, खरंच वाटलं. मग पुन्हा होडीकडे बघत म्हणाला, "पुराच्या साली म्हातारीला न्यायला रबरी बोट आली तवा अंधार पडला हुता. म्हशी सोडून दिल्या. दावी कापली नि सोडल्या."

मी डावी मूठ वर का असते ते सांगायला लागलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि वहिनीला चहा टाकायला सांगितला.